थंडीआधी काय विणू, काय शिवू? (बाळंतभेट आणि हॉस्पिटलसाठी)

दानाओलीची वहिनी

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरचे, शहराच्या लष्कर भागात राहतो. आमची एक भिशी आहे, सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या. दिवाळीनंतरच्या भिशीत टूम निघाली की यंदा गप्पा मारता मारता हातांनाही काम द्यायचं. निमित्तं दोन. आमच्यातल्याच एकीची लेक डिसेंबरात बाळंत होणार आहे. बाळंतपण इथे माहेरी, मग बाळाला घेऊन बंगळुरूला जाईल. तिला सगळ्यांनी मिळून हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय. दुसरं, सरकारी हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या वॉर्डात काही देता आलं तर हवंय.

भांडवल असं: एका काकूंच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेली पिशवीभर लोकर. अर्धेमुर्धे गुंडे, वरचे कागद कधीच गेलेले, त्यामुळे शुद्ध लोकर कुठली आणि ॲक्रिलिक कुठलं, पत्ता नाही. शिवाय जुन्या साड्यांचा ढीग, त्यात दोन नऊवारी. विणता येणाऱ्या चौघी. बाकीच्यांचा सुईशी संबंध बटण लावण्यापुरता, पण उत्साह दांडगा.

एकीला वेण्यावेण्यांच्या नक्षीचा स्वेटर विणायचाय, एकीला झालरीचं ब्लँकेट. आणि माझ्या घरून सवाल आलाय की बाड्यावर, म्हणजे आमच्या इथल्या बाजारात, तयार टोप्यांचे ढीग लागलेले असताना हा खटाटोप कशाला.

जाणकारांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

पेठेतली पाहुणी

मस्त उपक्रम! क्रोशाचे ऑक्टोपस करा की. २०१३ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये कमी दिवसांच्या बाळांसाठी ते सुरू झालं. बाळ त्याचे पाय धरून ठेवतं म्हणे, नळ्या ओढत नाही. दिसायलाही गोड.

आणि मोठं काही करायचं असेल तर चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’चं बघा. २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज विक्रम केला होता त्यांनी. जिने तिने आपापल्या घरी चौकोन विणायचे आणि मग जोडायचे. नंतर ते सुटं करून गरजूंना वाटलं.

उलटसुलट

वहिनी, काय विणायचं ते नंतर. आधी मला सांग, तू दिलेली वस्तू तिकडे धुणार कोण आणि कशी? एवढं कळलं की बाकीचं आपोआप ठरतं.

मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायचे. आता जनकगंजात घरी बसून असते, सुया मात्र बसलेल्या नाहीत. भेट मिळालेले स्वेटर डांबरगोळ्यांसकट ट्रंकेत तसेच पडलेले मी पुष्कळ पाहिलेत. नक्षी दृष्ट लागण्यासारखी, पण घालणार कोण? एकदा दूध ओकलं पोराने की धुवायला लागणार, आणि धुतलं की वाट लागणार, म्हणून आई ते काढतच नाही बाहेर. वेण्यांचा स्वेटर ज्या बाईला विणायचाय तिला म्हणावं, स्वतःच्या नवऱ्यासाठी विण. तान्ह्या बाळाला तो दीड महिना येतो आणि पाठीवर वेण्या टोचतात ते वेगळंच.

आता तुझी ती पिशवी. प्रत्येक गुंड्यातून वीतभर धागा तोड. खाली ताटलीत पाणी ठेव, धागा चिमट्यात धर आणि टोकाला काडी लाव. शुद्ध लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास सुटतो, काडी बाजूला घेतली की आपली आपण विझते आणि जी काळी गुठळी उरते ती चिमटीत चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळत वितळत जळतं, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो, तो नखाने फुटत नाही. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास, राख मऊ. वासही केसाचा आणि मणीही कडक, तर समजायचं भेसळ. हे गच्चीत कर, आणि तो मणी गरम असताना बोट लावू नकोस.

एवढा खटाटोप अशासाठी की शुद्ध लोकरीच्या केसाला खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं ही तिन्ही एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात, मग आकसतं ते कायमचं. थंड पाण्यात रिठा घालून, न पिळता, सावलीत आडवं पसरून वाळवणारी आई असेल तर खुशाल दे. वॉर्डातली बाई, जिला स्वतःला अंघोळीला गरम पाणी मिळायची मारामार, ती हे कुठून करणार? आणि बंगळुरूची आपली लेक सगळं मशीनमध्ये टाकणार, मी लिहून देते. तेव्हा या दोघींना शुद्ध लोकर नाही. ॲक्रिलिक द्यायचं किंवा सुती. ॲक्रिलिकलाही उकळतं पाणी चालत नाही, ढिलं पडतं. इस्त्री तर लावायचीच नाही.

चौघी विणणाऱ्या आहेत ना, त्यांना टोप्यांना बसव. चार पदरी बाळलोकर, दहा नंबरच्या सुया. माझ्या हाताला चार इंचांत अठ्ठावीस टाके बसतात, तुमचा नमुना आधी विणून मोजा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं ३४ सेंटिमीटरच्या आसपास असतं, टोपी त्याहून थोडी कमी हवी म्हणजे बसून राहते. ८६ टाके घ्यायचे, दोन सुलट दोन उलट. पाच इंच सरळ विणत जायचं. मग एक ओळभर दोन-दोन टाके एकत्र, ४३ उरतील. एक ओळ साधी. पुन्हा दोन-दोन एकत्र, २२. पुन्हा एकदा, ११. धागा सुईत घेऊन त्यातून ओवायचा, आवळायचा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घालायची. शिवणीत कडेचे दोन टाके जातात, म्हणून ८६, नाहीतर ८४ लागले असते. कमी वजनाच्या बाळासाठी ७४ टाके आणि चार इंच, बाकी तेच. शिवण चपटी घालायची, उठलेली शिवण बाळाच्या डोक्याखाली रुतते.

नक्षी नाही? नाही. १९६२ च्या लढाईत जवानांसाठी घरोघर स्वेटर विणले जात होते, माझी आई रात्री कंदिलाशेजारी विणायची. हिरवट लोकर, सगळ्यांनी एकच माप धरायचं, कोणी आपली कला दाखवायची नाही. आईला बदामाची नक्षी फार सुरेख यायची, ती तिने आम्हा बहिणींच्या स्वेटरांवर काढली, जवानांच्या नाही.

बटणवाल्यांचं सांगते. जिला बटण लावता येतं तिला धावदोरा येतो, आणि धावदोरा आला म्हणजे दुपटं आलं, गोधडी आली. साड्या निवडताना मात्र दया दाखवायची नाही. नायलॉन, जॉर्जेट बाजूला. सुती साडी उजेडासमोर धर, विरलेली जागा लगेच दिसते. दोन्ही अंगठे जोडून ताण दे, चर्र झालं की ती पायपुसण्यात. हिरव्या आणि लाल साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घास, रंग लागला तर बाळाजवळ फिरकू द्यायची नाही. जरीचे काठ कापून टाक.

बंगळुरूच्या बाळाला एक वार चौकोनाची तीन पदरी गोधडी करा, खाली अंथरायला. त्याहून जाड नको. सुती जाड गोधडी ओली झाली की दगड होते, मशीनमध्ये एका बाजूला गोळा होते आणि मशीन नाचायला लागतं. आणि निघायच्या आधीचा जानेवारी तर ती इथेच काढणार. आपल्याकडे धुकं धरलं की सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही, चार पदरी कपडा वाळायच्या आत कुबट होतो. तीन पदर पंख्याखाली रात्रीतून निघतात.

जमिनीवर पसरा, सुरकुत्या हाताने बाहेर काढा, कोपऱ्यांवर पाट ठेवा आणि आधी मोठे कच्चे टाके घाला. मग चौघी चार बाजूंना बसा आणि कडेकडेने आत या. बाहेरून आत, हे विसरू नका. टाका तांदळाएवढा. लांब टाका मशीनमध्ये बटणात, हुकात अडकतो आणि एक तुटला की ओळ सुटते. दोऱ्याला मेण लावा, बोटात अंगुस्तान घाला.

तयार टोपीचा सवाल ज्यांनी केलाय ते चूक नाहीत. बाड्यावरची टोपी मऊ असेल, आत दोरे लोंबत नसतील, तर हॉस्पिटलसाठी सरळ विकत घ्या आणि मैत्रिणीच्या लेकीसाठी विणा. बाळाच्या डोक्याला ऊब लागते, कोणी विणलं ते त्याला कळत नाही.

निवृत्त परिचारिका

उलटसुलट ताईंना शंभर गुण. नवजात विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडी भर.

आधी विभागाच्या इन्चार्ज सिस्टरना जाऊन भेटा. काय लागतं, कुठल्या मापाचं लागतं, घेतात की नाही, त्याच सांगतील. पिशवी घेऊन थेट वॉर्डाच्या दारात उभं राहू नका. वापरलेल्या साडीची दुपटी तिथे नकोत, ती घरच्या बाळासाठी ठीक. हॉस्पिटलसाठी नवं मऊ सुती कापड घ्या, एकदा धुऊन आकसवा, मग शिवा.

टोपीला नाडी नको, गोंडा नको, बटण नको, मणी-टिकल्या तर नकोतच. पायमोजे विणाल तर उलटे करून आतून बघा. आत सुटा धागा किंवा टाक्याचा लूप असेल तर बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडतं, बोट सुजतं. बाळ रडत राहतं आणि मोजा काढेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. हे मी पाहिलंय.

स्वेटर कमीच करा. वॉर्मरखालच्या बाळाला लंगोट सोडून काही घालत नाहीत, कारण उष्णता अंगावर थेट पडायला हवी. टोपी आणि मोजे लागतात ते बाळ आईच्या छातीशी असतं तेव्हा. कमी वजनाचं बाळ उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, कांगारू पद्धत म्हणतात तिला. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात हॉस्पिटलात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या (इनक्युबेटर) अपुऱ्या पडायच्या, त्यातून ती निघाली. बाळाचं पोट-छाती आईमुळे गरम राहते, डोकं उघडं पडतं. तान्ह्याचं डोकं म्हणजे अंगाच्या कातडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, मोठ्या माणसात अकरावा-बारावा. म्हणून टोपीला एवढं महत्त्व.

ऑक्टोपसबद्दल: डॉक्टरांनी मागितला तरच. आतला कापूस नीट वाळत नाही, आणि लांब पाय हे शेवटी दोरच.

घरच्या बाळासाठी एक. गोधडी खाली घालून खेळवा, पण झोपलेल्या बाळाच्या अंगावर सुटं पांघरूण वर्षाचं होईपर्यंत नको, तोंडावर येतं. गुंडाळायचं तर पातळ दुपटं, काखेच्या खाली.

पेठेतली पाहुणी

बरं झालं सांगितलंत. ऑक्टोपस रद्द. 🙂

मुरारचा बंडू

काकू, वहिनी, जरा वेगळं बोलतो. आम्ही मित्र दर डिसेंबर-जानेवारीत हॉस्पिटलच्या बाहेर पांघरुणं वाटतो. बाळ आत वॉर्डात असतं, पण बाळाचा बाप, आजी, गावाकडून आलेला काका बाहेर ओसरीत नाहीतर फुटपाथवर झोपतात. दोन-तीन डिग्रीपर्यंत उतरतं कधी कधी. त्यांचा विचार कोणी करत नाही, आणि तिथे ‘धुणार कोण’ हा प्रश्नच चालत नाही. ते लोक अलाव, म्हणजे शेकोटी, पेटवून त्याला चिकटून बसतात. ॲक्रिलिकच्या शालीवर ठिणगी पडली की भोक पडतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. मागच्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्याच्या मांडीवर चांगला फोड आलेला पाहिला.

काडी लावून जी शुद्ध लोकर निघेल ती आम्हाला द्या. कानटोपी, मफलर, काहीही. रंग गडद. पांढरं आणि गुलाबी दिलं तर दुसऱ्या दिवशी कोळशासारखं होतं आणि लोकं ते घालायला लाजतात. आणि जुन्या साड्यांच्या चांगल्या जाड गोधड्या दिल्यात तर सोन्याहून पिवळं.

उलटसुलट

बंडू, तू म्हणतोस ते पटलं, पण धुण्याचा प्रश्न सुटत नाही बाबा, फक्त त्याचं उत्तर बदलतं. तिथे धुणं नाही म्हणून शुद्ध लोकर चालते, आणि ती मळ, घामाचा वास ॲक्रिलिकपेक्षा कमी धरते. नुसती दोन दिवस हवेवर टाकली तरी वास उतरतो. तेव्हा वहिनी, पिशवीतली खरी लोकर बंडूला.

कानटोपीला दुहेरी धागा घेऊन आठ नंबरच्या सुया वापरा. दोन वेगवेगळ्या गुंड्यांचे धागे एकत्र धरले की उरलेसुरले रंगही खपतात आणि जाडीही येते. मात्र शुद्ध लोकरीसोबत ॲक्रिलिकचा धागा धरू नका. एक आकसतो, दुसरा आकसत नाही, आणि बंडूने सांगितलेली ठिणगीची भानगड पुन्हा आहेच. लोकर जुनी आहे, कसर लागलेली असू शकते. गुंडा सोडवून धागा जागोजाग ओढून बघा. जिथे तुटतो तिथे तुटू द्या, विणल्यावर तुटण्यापेक्षा बरं.

जाड गोधड्या मात्र त्याला पाच पदरांच्या वर देऊ नका. माणूस सकाळी तिची घडी करून कुठे ठेवणार? डोक्यावर घेऊन एक्स-रेच्या रांगेत उभं राहायचं असतं त्याला. चार पदर पुरे, आणि गुंडाळून बांधायला एका कडेला दोन बंद शिवून द्या. बंद बाळाला नकोत, बापाला चालतात.

अजून एक, आणि यावर मी भांडते. वाटताना फोटो काढायचे नाहीत. काढायचाच तर गोधडीचा काढा, घरी, अंगणात वाळत घातलेली असताना.

मुरारचा बंडू

फोटो आम्ही कधीच बंद केले काकू. बंदांची कल्पना जबरदस्त. या आठवड्यात येऊन लोकर घेऊन जातो, वहिनी, तुम्ही फक्त सांगा कधी.

दानाओलीची वहिनी

तुम्ही सगळ्यांनी केवढं काम सोपं केलंत! काल गच्चीत काड्या लावून झाल्या. अर्ध्याहून जास्त ॲक्रिलिक निघालं, एक सुंदर मोरपंखी गुंडा शुद्ध लोकर. वेण्यावालीने जरा तोंड फुगवलं, पण टोपीचे टाके तिनेच सगळ्यांत आधी घातले. सोमवारी दोघी जाऊन सिस्टरना भेटणार आहोत.

एक अडतंय. दोन नऊवारींपैकी एक माझ्या आजेसासूबाईंची आहे. सुत एकदम मजबूत, अंगठ्याची परीक्षा पास. पण कात्री लावायला कोणाचा हात होईना. ती तशीच ठेवून द्यावी का?

उलटसुलट

ठेवून देऊ नकोस, घडीवर चिरते. आणि कापायची गरजच नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. लांबीत एकदा दुमड, पुन्हा एकदा दुमड. चार पदर झाले, लांबी पावणेसात फूट, रुंदी साडीच्या पन्ह्याची. एका माणसाची गोधडी झाली, कात्री न लावता. दोन टोकं मोकळी असतील, ती आत वळवून शिवून टाक.

त्रास काठ देईल. काठाचं सूत अंगापेक्षा घट्ट विणलेलं असतं आणि इतक्या वर्षांच्या धुण्याने ते जास्त आकसलंय, म्हणून कडेने झोळ येतो. आधी साडी रात्रभर पाण्यात भिजव, ओली असतानाच काठ हाताने ओढून सरळ कर, वाळव आणि मग दुमड. तरी झोळ राहिलाच तर काठाकडचा धावदोरा अगदी बारीक घाल आणि तो झोळ टाक्याटाक्यात वाटून घे. लाकडी पाट पुरत नसतील तर माझ्याकडून घेऊन जा, आमच्याकडे लग्नातले पडून आहेत.